डोंगरातील रानाचे लेझर मापन : तानसा परिसराच्या अनुषंगाने प्रस्तावना

विमानातून, हेलिकॉप्टरमधून किंवा ड्रोनवरून जमिनीच्या दिशेने लेझर प्रकाशाचे अतिशय छोटे स्पंद सोडले जातात. ते पानांवर, फांद्यांवर आणि जमिनीवर आदळून परत येतात. परत यायला लागलेल्या वेळावरून झाडाची आणि जमिनीची उंची ठरते. हवाई लेझर मापन म्हणतात ते हेच, आणि त्याचे व्यवहारातले नाव आहे लिडार. सपाटीवरच्या जंगलापेक्षा डोंगरातल्या जंगलाला या पद्धतीची गरज जास्त आहे, कारण तिथे माणसाला चालत जाऊन मोजणे सर्वांत कठीण. तिच्या चुकाही डोंगरातच जास्त होतात, कारण उतार प्रत्येक मोजणीत ढवळाढवळ करतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचे रान या दोन्ही गोष्टी समजून घेण्यास सोयीचे आहे.

या भागाचा पश्चिमेकडचा पट्टा बुटक्या टेकड्यांचा आणि भातखाचरांचा आहे. पूर्वेकडे सह्याद्रीचा कडा उभा आहे. मध्येच आसनगावजवळ माहुलीचा डोंगर सुळक्यांसह सुमारे 858 मीटर उंचीपर्यंत चढतो. मुरबाडकडे सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट आणि माळशेज यांची रांग लागते. या डोंगरांचे पाणी भातसा आणि काळू नद्यांतून उल्हासकडे, तर तानसा नदीतून वैतरणेकडे जाते. तानसेवरचे दगडी धरण 1892 मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हापासून हे खोरे मुंबईच्या पिण्याच्या पाण्याशी बांधले गेले. पुढे मोडकसागर, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे याच मुलखात आणि त्याच्या सीमेवर उभी राहिली. तलावाभोवतीच्या जंगलाला 1970 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेले हे तानसा अभयारण्य शहापूरप्रमाणेच वाडा आणि मोखाडा तालुक्यांतही शिरते. हे दोन तालुके 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

रान मुख्यतः पानगळीचे आहे. साग, ऐन, हेद, कळम, बिबळा, धावडा, खैर, मोह, पळस आणि काटेसावर ही इथली नेहमीची झाडे. ओढ्याकाठी बांबू दाटतो आणि वरच्या उतारांवर कारवी. सिद्धगडाच्या अंगाने वर गेले की काही पट्टे बारमाही हिरवे लागतात. रानात आणि रानाच्या काठाने कातकरी, वारली, ठाकर, महादेव कोळी आणि मल्हार कोळी यांच्या वाड्या-पाडे आहेत. मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. म्हणून या जंगलाचे व्यवस्थापन लाकडापुरते राहत नाही. पाऊस किती मुरतो, माती किती वाहते, कडा कुठे सुटतो, वणवा कुठून चढतो आणि पाड्यावरच्या झऱ्याला एप्रिलमध्ये पाणी राहते का, हे सारे त्यात येते. या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन गोष्टी एकाच वेळी माहीत असाव्या लागतात : झाडोरा कसा आहे आणि त्याच्या खालची जमीन कशी आहे.

आजवर ही माहिती दोन वाटांनी मिळत आली. पहिली वाट पायी चालण्याची. वनविभाग प्रत्येक क्षेत्राची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांसाठी तयार करतो. जंगल कक्षांत विभागलेले असते. काही ठिकाणी नमुना भूखंड आखून त्यातील झाडांची जात, छातीच्या उंचीवरचा म्हणजे 1.37 मीटरवरचा घेर आणि उंची नोंदवली जाते. झाडाची जात, साल, ढोली, कीड, खोडावरचे घाव हे या पद्धतीइतके खात्रीने दुसरी कोणतीही पद्धत सांगत नाही. पण भूखंड थोडे असतात. शिवाय जिथे पाय ठरत नाही अशा घळी आणि कड्याखालचे उतार नमुन्यातून सहज निसटतात. दुसरी वाट उपग्रहाच्या छायाचित्रांची. भारतीय वन सर्वेक्षण 1987 पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढते. त्यात पर्णछत्राची घनता 70 टक्के किंवा अधिक असेल तर अति दाट, 40 ते 70 टक्के असेल तर मध्यम दाट आणि 10 ते 40 टक्के असेल तर विरळ वन अशी वर्गवारी असते. छायाचित्र छत्राचा वरचा पृष्ठभाग दाखवते. त्या छत्राखाली बारा मीटरचे झाड आहे की पंचवीस मीटरचे आणि त्याखाली ओहळाने केवढी घळ कोरली आहे, हे त्यातून कळत नाही. लेझर मापन नेमकी ही उणीव भरून काढते.

त्यामागचे तत्त्व साधे आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 30 सेंटिमीटर जातो. जाणे आणि येणे धरले तर एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात 15 सेंटिमीटरचा फरक. हजार मीटर उंचीवरून सोडलेला स्पंद सेकंदाच्या दीड लाखाव्या भागात जाऊन परत येतो, आणि यंत्र असे लाखो स्पंद दर सेकंदाला सोडत असते. जंगलासाठी बहुधा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण हिरवी पाने तो चांगला परावर्तित करतात. विमान त्या क्षणी कुठे होते हे उपग्रह-स्थाननिश्चिती सांगते, आणि ते किती कलले होते हे त्यातील जडत्वमापक सांगतो. लेझर 1960 मध्येच अस्तित्वात आला होता, पण विमानाचे स्थान आणि कल इतक्या अचूकपणे कळू लागल्यावर, म्हणजे 1990 च्या दशकात, हे मापन व्यवहारात आले.

जंगलासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की एक स्पंद अनेकदा परत येतो. जमिनीपर्यंत पोचेतो त्याचा ठिपका साधारण एक वीत रुंद झालेला असतो. त्याचा काही भाग शेंड्याच्या पानांना लागून परततो, काही मधल्या फांदीला लागतो, काही खालच्या झुडपाला, आणि उरलेला फटींतून जमिनीवर पोचतो. भर दुपारी सागाच्या रानात जमिनीवर जे कवडसे दिसतात, त्याच फटींतून लेझरही खाली उतरतो. परतलेल्या प्रत्येक स्पंदाचा अवकाशात एक बिंदू ठरतो. असे कोट्यवधी बिंदू मिळून रानाची त्रिमितीय प्रतिमा तयार होते, तिला बिंदुमेघ म्हणतात. संगणक त्यातून जमिनीचे बिंदू वेगळे काढतो आणि झाडे उचलून बाजूला ठेवल्यासारखी उघडी जमीन दाखवणारा नकाशा मिळतो. सर्वांत वरच्या बिंदूंचा दुसरा पृष्ठभाग होतो. दुसऱ्यातून पहिला वजा केला की प्रत्येक ठिकाणची झाडोऱ्याची उंची हाती येते. बिंदू उंचीनुसार कसे वाटले गेले आहेत, यावरून रानात एकच थर आहे की वरचे छत्र, मधली झाडे आणि खालची झुडपे असे तीन थर आहेत, तेही कळते.

या पद्धतीला वनव्यवस्थापनात स्थान मिळवून देण्यात उत्तर युरोपचा वाटा मोठा आहे. नॉर्वेतील एरिक नेसेट यांच्या संशोधनानंतर तिथे सन 2000 नंतरच्या पहिल्याच वर्षांत लाकडाच्या साठ्याची मोजणी लेझरच्या आधारे प्रत्यक्ष कामात होऊ लागली. फिनलंड आणि स्वीडन यांनी पुढे देशभराचे मापन हाती घेतले. आल्प्सच्या देशांत या मापनाचे उद्दिष्ट वेगळे आहे. तिथे कड्याखालच्या गावांना कोसळणाऱ्या दरडी आणि हिमलोट यांपासून वाचवणारी संरक्षक वने असतात, आणि कोणत्या उतारावर झाडे पुरेशी दाट आहेत हे जाणणे ही तिथली मुख्य गरज. नेपाळने 2011 च्या सुमारास तराईच्या वनांसाठी आणखी एक वाट दाखवली. सगळे रान लेझरने न मोजता निवडक पट्टे मोजायचे आणि बाकीच्या क्षेत्राचा अंदाज उपग्रहचित्रांच्या मदतीने करायचा. मर्यादित खर्चात मोठे क्षेत्र हाताळायचे असेल तर सह्याद्रीला ही तिसरी वाट सर्वांत जवळची आहे.

भारतात वनांसाठीचा मोठा प्रयत्न 2020 मध्ये सुरू झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 26 राज्यांतील 2,61,897 हेक्टर वनक्षेत्राचे लिडार सर्वेक्षण वॅपकॉस या सरकारी कंपनीकडे सोपवले. त्याचा खर्च 18.38 कोटी रुपये होता, म्हणजे हेक्टरी सुमारे 700 रुपये. जून 2021 मध्ये पहिल्या दहा राज्यांचे प्रकल्प अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. प्रत्येक राज्यात सरासरी 10,000 हेक्टरांची एक मोठी डोंगररांग निवडली गेली. जंगलाच्या आतच पाणी आणि चारा वाढवणे, जेणेकरून वन्यप्राणी वस्तीकडे वळणार नाहीत, असा त्यामागचा हेतू होता. उघड्या जमिनीच्या नकाशावरून गॅबियन बंधारे, घळीतले बांध, पाझर तलाव आणि वनतळी यांच्या जागा सुचवल्या गेल्या. झाडांची उंची मोजण्याआधी पाण्याची वाट मोजण्यासाठी हे तंत्र देशाच्या वनखात्यात आले, ही गोष्ट तानसासारख्या खोऱ्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

शहापूरशी या तंत्राचा संबंध आणखी एका निमित्ताने आला. मुंबई ते नागपूर या नियोजित द्रुतगती रेल्वेच्या आखणीसाठी 2021 मध्ये हवाई लिडार सर्वेक्षण हाती घेण्यात आले, आणि शहापूर हे त्या मार्गावरचे एक प्रस्तावित स्थानक आहे. त्याआधी मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी याच पद्धतीने काम झाले होते, आणि पारंपरिक मोजणीला लागणारे दहा-बारा महिने सुमारे बारा आठवड्यांवर आले होते. मात्र रेल्वेला रुळाच्या दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा पुरतो. वनव्यवस्थापनाला अख्खे पाणलोट क्षेत्र लागते, कड्याच्या माथ्यापासून तलावाच्या काठापर्यंत. उड्डाणाची आखणी इथूनच वेगळी होते.

पहिला प्रश्न ऋतूचा. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे उड्डाण व्यर्थ आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पर्णछत्र भरगच्च असते, त्यामुळे छत्राची घनता आणि आकार टिपायला हा काळ उत्तम. पण तेव्हा लेझर जमिनीपर्यंत कमी पोचतो आणि माळावरचे कंबरभर गवत जमीन म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये साग उघडा पडतो, मग इतर झाडे. गवत वाळून कापले गेलेले असते. उघड्या जमिनीचा नकाशा हवा असेल तर हीच वेळ. दुपारच्या उन्हात कड्यालगत हवा उसळते आणि वणव्यांचा धूर साचतो, म्हणून सकाळची उड्डाणे बरी. दोन्ही ऋतूंत एकेकदा उड्डाण झाले तर सर्वांत चांगले. एकदाच करणे परवडत असेल तर आधी उद्देश ठरवावा : पाणी आणि माती हा मुख्य विषय असेल तर उन्हाळा, पर्णछत्र हा असेल तर पावसाळ्यानंतरचे पहिले दोन महिने. कारवीचे उतार मात्र कोणत्याही ऋतूत सावधपणे वाचावे लागतात. तिच्या काठ्या इतक्या दाट असतात की संगणक कारवीचा माथाच जमीन समजतो आणि सगळा उतार मीटर-दोन मीटर वर उचलला जातो.

दुसरा प्रश्न उताराचा. सपाटीवर बिंदूची जागा आडव्या दिशेने 30 सेंटिमीटर चुकली तर उंचीत काही बिघडत नाही. 45 अंशांच्या उतारावर तीच चूक उंचीत तेवढ्याच, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या चुकीत बदलते. झाडाच्या उंचीतही फसगत होते. 35 अंशांच्या उतारावर उभ्या असलेल्या झाडाच्या छत्राची त्रिज्या 4 मीटर असेल, तर छत्राच्या उतरत्या बाजूची कड ज्या जमिनीवर येते ती बुंध्यापेक्षा 2.8 मीटर खाली असते. छत्राचा पृष्ठभाग वजा जमीन, असा सरळ हिशेब केला की ती कड प्रत्यक्षापेक्षा तेवढी उंच दिसते. कधी कधी झाडाचा शेंडाच चुकीच्या जागी दाखवला जातो. म्हणून डोंगरात विमान जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची सांभाळत उडवावे लागते. लगतच्या पट्ट्यांचे एकमेकांवर पुरेसे आच्छादन ठेवावे लागते, कड्याच्या आडोशाला राहिलेल्या घळी उलट दिशेने पुन्हा टिपाव्या लागतात आणि दर चौरस मीटरमागे बिंदूंची संख्या वाढवावी लागते. खर्च वाढतो तो इथे.

तिसरी बाब दिसायला छोटी, पण परिणामाने मोठी आहे. तानसा तलाव भरून वाहू लागतो ती पातळी मुंबई महापालिकेच्या नोंदीत 128.63 मीटर आहे. ही पातळी टाउन हॉल डेटम या मुंबईच्या जुन्या आधारपातळीपासून मोजलेली आहे, समुद्राच्या सरासरी पातळीपासून नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांतील उंची समुद्रसपाटीपासूनची असते. लेझर मापनातील मूळ उंची यांहून वेगळी, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, आणि या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरांहून अधिक कमी भरते. वनखात्याचा नकाशा, धरणाची पातळी आणि लेझरची उंची एकत्र आणताना हे तिन्ही आधार जुळवले नाहीत, तर काठावरचे रान कागदावर पाण्याखाली जाईल किंवा तलाव डोंगरावर चढेल. शिवाय अवरक्त लेझर पाण्यात शोषला जातो. भरलेला तलाव नकाशावर रिकामी जागा म्हणून उमटतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली गेल्यावर उघडा पडलेला गाळाचा काठ मात्र नीट मोजता येतो.

आकाशातून आलेल्या आकड्यांना अर्थ जमिनीवर मिळतो. लेझर उंची आणि आकार मोजतो. लाकडाचे घनफळ, जैवभार आणि कार्बन तो मोजत नाही, त्यांचा अंदाज करावा लागतो. त्यासाठी काही नमुना भूखंडांत प्रत्येक झाड हाताने मोजतात, त्याच जागेच्या बिंदुमेघाशी ताडून पाहतात आणि त्या नात्यावरून बाकीच्या रानाचा हिशेब करतात. भूखंडाची जागा चुकली की हे नातेच बिघडते. 0.1 हेक्टरचा चौरस भूखंड 31.6 मीटर बाजूचा असतो. दाट छत्राखाली किंवा घळीत साध्या जीपीएसने तो 10 मीटर सरकला, तर हाताने मोजलेल्या क्षेत्राचा जवळजवळ तिसरा भाग लेझरच्या चौकटीबाहेर राहतो. टेप उताराला लावून धरला तर दुसरी चूक होते. 30 अंशांच्या उतारावर 31.6 मीटर टेप म्हणजे नकाशावर फक्त 27.4 मीटर. त्यामुळे भूखंड साग, मिश्र रान, बांबू, ओढाकाठ आणि तीव्र उतार अशा सर्व प्रकारांत पसरलेले असावेत आणि त्यांचे कोपरे चांगल्या प्रतीच्या यंत्राने पक्के केलेले असावेत.

स्थानिक ज्ञानाशिवाय हे आकडे कसे फसवतात, याचे इथले ठळक उदाहरण म्हणजे राब. भाताची रोपे करण्याआधी वाफा भाजण्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडून वाळवतात, वाफ्यावर पसरतात आणि उन्हाळ्यात पेटवतात. वर्षानुवर्षे टाहाळ काढलेल्या ऐनाला जाड खोड राहते, पण छत्र म्हणावे असे काही उरत नाही. शेंड्याकडे फुटव्यांचा एक झुबका असतो. बिंदुमेघात असे झाड सडपातळ आणि पोरके दिसते. उंची आणि छत्राच्या विस्तारावरून घेर काढणारे सूत्र त्याचा जैवभार प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दाखवते. शेजारच्या न तोडलेल्या ऐनाला तेच सूत्र बरोबर लागू पडते. राब कोणत्या रानात काढला जातो हे वनरक्षकाला आणि पाड्यावरच्या माणसाला ठाऊक असते. त्या पट्ट्यांसाठी वेगळे नमुना भूखंड घेतले की ही चूक सुटते. जातींचेही तसेच. पानगळीच्या वेळा, छत्राचा आकार आणि परावर्तनाची तीव्रता यांवरून साग आणि बांबू काही प्रमाणात वेगळे करता येतात, पण हेद आणि कळम यांतला फरक झाडाखाली उभे राहूनच सांगता येतो.

एवढी काळजी घेतली की उपयोग मोठे आहेत, आणि त्यांत पहिला पाण्याचा. उघड्या जमिनीच्या नकाशावर पाणी कोणत्या वाटेने उतरते, कोणती घळ रुंद होत चालली आहे, जुनी गाडीवाट कुठे ओढा बनून माती वाहून नेते आहे, हे झाडीखालीही दिसते. समतल चर कुठे खोदावेत, अनघड दगडी बांध कोणत्या ओहळात पहिल्यांदा घालावेत, वनतळे किती पाणी धरेल, याचा हिशेब आखणीच्या आधीच करता येतो. सह्याद्रीचा बेसाल्ट आडव्या थरांचा आहे. दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडते आणि झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. हे थर उघड्या जमिनीच्या नकाशावर पायऱ्यांसारखे उमटतात. पाड्यावरच्या लोकांनी दाखवलेले झरे त्यांवर मांडले, तर कोणत्या उतारावरचे रान कोणत्या झऱ्याला पाणी पुरवते याचा चांगला तर्क बांधता येतो, आणि संरक्षणाचा क्रम त्यावरून ठरतो. हेच काम एका बाजूला टँकरवर अवलंबून असलेल्या वाडीच्या, तर दुसऱ्या बाजूला तलावात येणाऱ्या गाळाच्या प्रश्नाला भिडते.

दुसरा उपयोग दरडींच्या बाबतीत. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी डोंगर कोसळून गाडली गेली. शहापूर आणि मुरबाडमध्येही कड्यांच्या पायथ्याशी वस्त्या आहेत. कसाऱ्याचा रेल्वेघाट आणि माळशेजचा रस्ता दर पावसाळ्यात दरडींच्या सावटाखाली असतो. झाडीने झाकलेल्या जुन्या घसरणींचे चंद्रकोरीसारखे व्रण, उतारावरच्या भेगा आणि कड्याखाली साचलेले दगडमातीचे ढीग उघड्या जमिनीच्या नकाशावर ओळखता येतात. दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकमेकांतून वजा केले तर उतार सरकतो आहे का, तेही दिसते. अशा उतारांवर कोणते रान राखायचे, कुठे खोदकाम टाळायचे आणि कोणत्या वाडीच्या वरच्या अंगाला सर्वांत आधी भूवैज्ञानिक पाठवायचा, हे निर्णय नकाशाच्या आधारे घेता येतात. झाडांची मुळे वरची माती धरून ठेवतात. खोलवरचा कडा ती थोपवू शकत नाहीत. वृक्षारोपण हा प्रत्येक दरडीवरचा उपाय नव्हे, हे नकाशा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

वणव्यांच्या बाबतीत रानाच्या थरांची माहिती कामी येते. खाली गवत, मध्ये झुडपे आणि वर छत्र अशी सलग शिडी जिथे असते, तिथे जमिनीवरची आग वर चढू शकते. जाळरेषा कुठून काढाव्यात आणि कोणता उतार आधी सांभाळावा हे त्यावरून ठरवता येते. वन्यजीवांसाठीही हे थर महत्त्वाचे आहेत. रानपिंगळा हा मध्य भारतातला दुर्मीळ पक्षी. एकोणिसाव्या शतकानंतर तो संपला असे मानले जात होते. 1997 मध्ये तो नंदुरबारकडच्या शहादा परिसरात पुन्हा सापडला आणि 2014 मध्ये तानसा अभयारण्यात दिसला. त्याला विरळ पानगळीचे रान लागते, जिथे फांदीवरून खालची मोकळी जमीन दिसते आणि ढोली असलेली जुनी झाडे आहेत. उपग्रहचित्रावर असे रान साधे विरळ वन म्हणून नोंदले जाते आणि सुधारणेसाठी रोपवनाच्या यादीत जाऊ शकते. जुनी उंच झाडे आणि त्यांखालचा मोकळेपणा दाखवणारा लेझर नकाशा हाताशी असेल तर असे तुकडे वेळीच राखता येतील. ढोली मात्र माणसालाच शोधावी लागेल.

सागाच्या जुन्या रोपवनांत विरळणी कधी करावी, कोणत्या कक्षात वाढ खुंटली आहे, तोडीनंतर फुटवा किती आला आहे, हेही उंचीच्या नकाशावर दिसते. दहा वर्षांच्या कार्य आयोजनेच्या सुरुवातीला एकदा आणि अखेरीस एकदा मापन झाले, तर आयोजनेने काय साधले याचा पडताळा कक्षागणिक घेता येतो. मधल्या वर्षांसाठी अवकाशातील साधनांची मदत घेता येते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील गेडी हे नासाचे यंत्र 2019 पासून वनांची उंची टिपत आले आहे. पण त्याचा एकेक ठिपका 25 मीटर रुंद असतो. 30 अंशांच्या उतारावर तेवढ्या रुंदीत जमीनच 14 मीटरने उतरते आणि झाडाची उंची तिच्यात मिसळून जाते. म्हणून गेडीचे आकडे कड्याच्या अंगाला न वापरता तानसाच्या खालच्या, सौम्य पट्ट्यात वापरणे योग्य. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला नासा आणि इस्रो यांचा निसार उपग्रह रडारच्या साहाय्याने दर बारा दिवसांनी तीच जागा पाहतो, ढग असले तरी. विमानातून केलेले एक अचूक मापन या नियमित पाहणीला पक्का आधार देते.

शेवटचा भाग माहितीच्या मालकीचा आणि वापराचा. फेब्रुवारी 2021 च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांसाठी अशा मापनावरची परवान्यांची जुनी बंधने पुष्कळ सैल केली, त्यामुळे मोजणी पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. पण उघड्या जमिनीच्या नकाशावर वनजमिनीतले बांध, खाचरे आणि वाटाही स्पष्ट दिसतात. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे शेतीखालच्या वनजमिनीवरील दाव्यासाठी 13 डिसेंबर 2005 ही तारीख निर्णायक आहे. लेझर बांध आहे एवढे सांगतो. तो कोणी आणि केव्हा घातला हे सांगत नाही. असा नकाशा एकट्याने पुरावा मानला, तर तो दावेदारावरही अन्याय करू शकतो आणि रानावरही. जुनी उपग्रहचित्रे, महसुली नोंदी आणि ग्रामसभेची साक्ष यांच्या जोडीनेच तो वाचला पाहिजे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या रानाची व्यवस्थापन योजना स्वतः करायची असते. त्यांच्या हाती बिंदुमेघाची अवजड संगणकीय फाइल देऊन काही होणार नाही. ओढे, झरे, उतार, वाटा आणि झाडोऱ्याची उंची दाखवणारा, पाड्यांची आणि टेकड्यांची स्थानिक नावे घातलेला मराठी कागदी नकाशा मात्र सभेत पसरून त्यावर चर्चा करता येते.

या सर्वांतून कामाचा क्रम असा ठरतो. आधी व्यवस्थापनाचा प्रश्न नक्की करावा आणि त्यावरून ऋतू. मग पाणलोटाच्या सीमेनुसार उड्डाण आखावे. त्याच हंगामात, राब आणि कारवीचे पट्टे न वगळता, नमुना भूखंड मोजावेत. उंचीचे आधार जुळवावेत, नकाशा वनरक्षक आणि ग्रामसभा यांच्याकडून तपासून घ्यावा आणि त्यानंतरच तो कार्य आयोजनेत उतरवावा. पाच किंवा दहा वर्षांनी तेच मापन त्याच ऋतूत पुन्हा करण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी, कारण एका मापनातून रानाची स्थिती कळते, तर त्याची चाल कळायला दुसरे लागते. हा क्रम पाळला तर तानसाच्या खोऱ्यात तलाव, रान आणि पाडा यांसाठी आज वेगवेगळ्या कार्यालयांत होणारे नियोजन एकाच मोजलेल्या जमिनीवर करता येईल.